खिडकीबाहेरचा कप

हडपसरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या बाईंनी हक्काने पळवायचा तास. यंदा मात्र वरून आदेश आला, कलेतून सामाजिक न्याय शिकवा. मला भलताच उत्साह आला. नववीच्या मुलांना म्हटलं, घरचा मोबाइल घ्या, रोज दिसतो म्हणून खटकेनासा झालेला अन्याय शोधा आणि त्याचा फोटो काढा. ज्याचा काढाल त्याला आधी विचारा.

बहुतेकांनी सिग्नलवर फुगे विकणारी पोरं आणली. कुणी शेजारच्या मांजरी गावातल्या ऊसतोड कामगारांची खोपटी आणली. सगळा अन्याय कसा शाळेच्या फाटकाबाहेर, सोयीचा.

एका मुलीने शाळेतल्या सफाईच्या मावशी आणल्या. स्टाफरूमबाहेर उभ्या, हातात कान तुटलेला कप. तो कप खिडकीबाहेर कट्ट्यावर पालथा असतो. आमचे कप आत, ट्रेमध्ये. ते मावशीच धुतात, पण त्यांचा चहा आम्ही त्यांच्या कपात वरून ओततो. का, ते कुणी बोलत नाही. आम्ही सुशिक्षित माणसं, जात आमच्याकडे फक्त दाखल्यावर असते. ओतणाऱ्यांत मीही होते, अकरा वर्षं. फोटोत मावशी हसत होत्या. कुणीतरी विचारून आपला फोटो काढतंय याचंच त्यांना अप्रूप.

मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा अभिमानही. पालकांसाठी भरवलेल्या प्रदर्शनात तो फोटो मी मधोमध लावला.

पालक यायच्या आधी मुख्याध्यापिका येऊन गेल्या. फोटोपुढे थांबून म्हणाल्या, “मॅडम, आपला विषय समाज आहे. स्टाफरूम नाही.” बस्स, एवढंच. फोटो मी स्वतःच्या हाताने उतरवला आणि त्या जागी एक फुगेवाला टाचला.

सोमवारी मावशी नव्हत्या. सफाईच्या ठेकेदाराने दुसरी बाई पाठवली होती. “बदली झाली,” ऑफिसातला क्लार्क म्हणाला. कुठे, ते मी विचारलं नाही. माझी नोकरी कायम आहे, मला कुणी हात लावला नसता. तरी विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत ती मुलगी आली. वडिलांचा मोबाइल दप्तरात लपवून आणला होता. तो फोटो उघडून तिने माझ्यापुढे धरला.

“मॅडम, हा डिलीट केला तर मावशींना परत घेतील?”

घेणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण तो फोटो कुठेही उरू नये, असं आता मलाच वाटत होतं. म्हणाले, “करून टाक.”