कांबळेकाकांचं खरबरीत सफरचंद

कांबळेकाकांच्या झाडाचं पहिलं सफरचंद हातात आलं तेव्हा मी सोलायला चाकू मागितला. बटाट्यासारखी खरबरीत, तपकिरी साल, धीरच होईना. काका कडाडले, "साल बघून घाबरलीस? आधी चावून बघ." चावलं, तर भाजलेल्या शेंगदाण्याची चव.

इथे जर्मनीत, डार्मश्टाटच्या एका औषध कंपनीतून निवृत्त झालेले काका सदैव चिडलेले असत. सुपरमार्केटमधल्या चकचकीत सफरचंदांना ते 'मेण चोपडलेले नवरदेव' म्हणत. तरुणपणी इंग्लंडमध्ये शिकून इकडे येताना एग्रेमाँट रसेट या तिथल्या जुन्या जातीची काडी त्यांनी आणली आणि क्लाइनगार्टनमध्ये, म्हणजे संस्थेकडून घेतलेल्या बागेच्या तुकड्यात, स्वतः कलम बांधलं. "आमच्या गावात माणसांचंही असंच," ते म्हणत. "आत काय आहे ते बघायचं नाही. वरूनच ठरवून मोकळे."

मी तेव्हा पीएचडी करत होते. सप्टेंबरात काका खुब्याच्या ऑपरेशनला गेले आणि बागेची किल्ली माझ्याकडे आली. आठवड्याभरात संस्थेचा तपासनीस हजर. फळांकडे बघून म्हणाला, झाड रोगट आहे, शेजारच्या झाडांना लागण होईल, तोडावं लागेल. त्या शहाण्याने एक फळसुद्धा चाखलं नाही. त्याचा मला आजही संताप येतो. पण माझं काय? मला शब्दन् शब्द कळला होता. कागद घेऊन आलेला जर्मन समोर उभा राहिला की आपल्या लोकांची मान आपोआप हलते, तशी माझी हलली. "या, गेनाऊ," म्हणजे 'हो, अगदी बरोबर,' म्हणाले आणि त्याच्या कागदावर सही ठोकली. काका आले की बघतील, असं मनाशी म्हणून घरी गेले. त्यांना कळवायचीही हिंमत झाली नाही. भित्री कुठली!

काका दवाखान्यात पुन्हा चालायला शिकत होते, तेवढ्यात ऑक्टोबरात झाड तोडलं गेलं. फळं कचऱ्यात गेली.

पुढे ते बॉनला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. त्याआधी आमची शेवटची भेट झाडाच्या उरलेल्या बुंध्यापाशी झाली. कुबड्यांवर उभ्या काकांना मी सगळं सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत राहिले. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"त्याला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "तू तर चाखलं होतंस."

मग किल्लीसाठी हात पुढे केला.