उजव्या हाताचं प्लास्टर आणि सिसिलीचा पास्ता

बायको अंगणात घसरली आणि तिच्या उजव्या हाताला प्लास्टर बसलं. महिनाभर हात वापरायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. स्वयंपाक मी करीन, असं मी जाहीर केलं. या विधानाला तेव्हा कुठलाही आधार नव्हता. इतरांच्या बातम्यांतली अशी विधानं खोडणं हे माझं नोकरीतलं काम.

आठवडा व्हायच्या आत वरवट बकालहून सासूबाई आल्या. एका हातात वावरातल्या लसणाची जुडी, दुसऱ्या हातात मोठी रिकामी पिशवी. ती रिकामी का, हे त्यांनी चहाच्या आधीच सांगून टाकलं.

"पोरीचे कपडे भरते अन् उद्या घेऊन जाते. हात जुळला का आणून सोडीन."

"मामी, इथं तिला काही कमी नाही," मी म्हणालो.

"दिसून राह्यलं," त्या ओट्याकडे पाहत म्हणाल्या. ओट्यावर सकाळच्या खिचडीचं पातेलं भिजत होतं. शेजारी कालच्या खिचडीचं.

बायकोला जायचं नव्हतं. माहेरी गेलं की गल्लीतल्या सगळ्या बाया हात पाहायला येतात आणि प्रत्येकीला घसरण्याची हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते. तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"रातच्याले खिचडी टाकू नका. माय पाहून राह्यली. काहीतरी नीट करा, नाहीतर मले जावंच लागते."

भाकरी मला थापता येत नाही. भाजी केली असती तर सासूबाईंनी ती त्यांच्या भाजीशेजारी ठेवून पाहिली असती. म्हणून ज्याच्याशी तुलना करायला त्यांच्याकडे काहीच नसेल असा पदार्थ मी निवडला. फोनवर सिसिलीच्या पद्धतीचा पास्ता सापडला. लसूण, तेल, चीज. वर 'अत्यंत सोपा' असं लिहिलं होतं. ते मी पडताळलं नाही.

बाजारात लांब काड्यांच्या पास्त्याचं एक पाकीट मिळालं, चीजच्या वड्यांची एक डबी मिळाली. ऑलिव्ह तेल मागितलं तर दुकानदारानं छोटी बाटली काढली आणि विचारलं, "घरी बाळ आहे का?" ते मालिशचं तेल होतं. मी घरचं शेंगदाण्याचं तेल वापरायचं ठरवलं.

कृतीत लिहिलं होतं की लसूण थंड तेलात टाकून मंद आचेवर ठेवावा. मी मात्र लहानपणापासून फोडणीच पाहिलेली. तेलातून धूर निघेपर्यंत थांबलो आणि मग लसूण टाकला. पुढची ओळ वाचायला गेलो तर फोन बंद झालेला. तेलकट बोटानं तो उघडेना. तोवर लसूण काळा झाला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "कोन्या गुन्ह्यात जाळला, जवाईबापू?"

"तिकडे असाच करतात," मी म्हणालो. पुन्हा एक निराधार विधान.

"मंग ते तरी कशाले पिकवतात?"

दुसरा लसूण मी थंड तेलात टाकला. या वेळी वास बरा आला. चीज मात्र उकडलेल्या पास्त्यात विरघळलं नाही, त्याचे गोळे झाले. तरी ताटं वाढली, आणि बायकोच्या ताटात काटा-चमचा ठेवून मी समाधानानं बसलो.

तिनं डाव्या हातानं काटा घेतला. काड्या गुंडाळल्या, उचलल्या, त्या परत ताटात पडल्या. पुन्हा उचलल्या, तेव्हा प्लास्टरवर पडल्या. ज्या हातामुळे हा सगळा उद्योग चालला होता, तोच माझ्या लक्षातून सुटला होता. एखाद्या नव्या वार्ताहरानं अपघाताची बातमी देताना जखमीलाच वगळलं असतं, तर त्याला मी काय काय सुनावलं असतं, ते मला माहीत आहे.

सासूबाईंनी खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

मी उठलो. दुधाच्या पिशव्या कापायची कात्री धुतली आणि बायकोच्या ताटातला पास्ता बारीक कापला. तिनं चमच्यानं एक घास घेतला. मग दुसरा.

"शेवया कात्रीनं कापून खाते का कोनी?" सासूबाई म्हणाल्या.

"मी खाऊन राह्यली ना," बायको म्हणाली. "अजून वाढा हो थोडा."

सासूबाईंनी तिच्या चमच्याकडे पाहिलं. मग स्वतःचं ताट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "माह्याबी कापा."

सकाळी त्या रिकामी पिशवी घडी करून एकट्याच निघाल्या. एसटीत चढताना म्हणाल्या, "उरला तो लसूण जाळू नका."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आज काय केलं, असं विचारलं. खिचडी, मी सांगितलं. त्यांनी फोन बायकोकडे द्यायला लावला आणि तीच माहिती तिच्याकडून पुन्हा घेतली.