वेताळाच्या कपाळावरचा ठिपका

सर्व संबंधितांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, वेताळ जांभळा नसतो. तो कधीही जांभळा नव्हता. ज्या कोणी त्यास जांभळा रंगविला असेल, त्याने तो रंग माझ्याकडून चोरलेला आहे. कोणाची हरकत असल्यास पिंपळे गुरवला तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळी सहानंतर यावे. चहा मिळेल, माफी मिळणार नाही.

आता हे निवेदन काढण्याची वेळ का आली, ते सांगतो.

मी चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला आहे. दिवसभर मोटारसायकलच्या टाक्या रंगवून घेतो आणि घरी आलो की भुतं रंगवतो. अंगठ्याएवढी भुतं. टेबलावर दोन फौजा मांडायच्या, फासे टाकायचे आणि लढवायच्या, असा तो खेळ. खेळात मी बहुतेक वेळा हरतो आणि त्याचं मला काही वाटत नाही. माझा जीव रंगवण्यात. आमचा एक वाकडचा मित्र आहे, आयटीतला, तिशीतला. त्याच्याकडे प्लास्टिकच्या मूर्ती काढणारं यंत्र आहे. त्यातून हडळ, मुंजा, समंध असं जे म्हणाल ते कोरं करकरीत निघतं, आणि त्याला चेहरा-मोहरा, वय, मरणाचं कारण हे सगळं मी ब्रशने देतो.

या छंदातला माझा प्रतिस्पर्धी म्हणजे निगडीचे मॅनेजरसाहेब. बँकेतून निवृत्त, प्राधिकरणात बंगला, हात इतका स्थिर की बघून राग यावा. दर दसऱ्याला त्यांच्या हॉलमध्ये आम्ही आपापली नवी फौज मांडतो. सोनं द्यायला येणारी मंडळी ज्याची फौज आवडेल तिच्यापुढे आपट्याचं पान ठेवतात. ज्याच्यापुढे पानं जास्त, त्याची रंगसंगती वर्षभर त्याची. दुसऱ्याने ती वापरायची नाही. हा आमचा कायदा आहे आणि तो आम्ही देशाच्या कायद्याहून जास्त पाळतो.

गेल्या दसऱ्याला मी माझा वेताळ जांभळा केला होता. शिळ्या रक्तासारखा जांभळा, कडांना शेवाळी झाक. हॉलमध्ये गेलो तर मॅनेजरसाहेबांची फौज आधीच मांडलेली. जांभळी. कडांना शेवाळी झाक.

"योगायोग," ते म्हणाले, आणि चिवड्याची बशी माझ्यापुढे केली.

पानं त्यांना पडली. माझा जांभळा गेला. त्या दिवशी मी एक निश्चय केला की पुढच्या वर्षीचा रंग या कानाचा त्या कानाला कळू द्यायचा नाही.

तसा मी स्वभावाने संशयी नाही, धंद्याने आहे. पेंट शॉपमध्ये टाकीवर शेवटचा चकचकीत थर बसला आणि त्यात एक कण जरी अडकला, तरी माल परत. मग तो कण कोणाचा, याची चौकशी. कोणी केसांना तेल लावून आलं का, कोणी अंगावर सेंट मारला का, कोणाच्या स्वेटरचा धागा उडाला. आमच्याकडे माणूस कामावर आला की आधी त्याच्यावर संशय घेतात, मग चहा देतात. वीस-बावीस वर्षं असं काढल्यावर घरी तरी माणूस कसा बदलणार?

यंदा मी वेताळाची पालखी करायची ठरवली. पुढे मशालजी, मागे भालदार-चोपदार, मध्ये पालखी आणि आजूबाजूला पाण्यात बुडून मेलेल्यांचा लवाजमा. रंग ठरवायलाच मला अख्खा पावसाळा लागला. प्लास्टिकच्या चमच्यांवर रंग काढून मी ते ट्यूबलाइटखाली, पिवळ्या बल्बखाली आणि उन्हात धरून बघत होतो. शेवटी जमलं. जलपर्णी साचली की पवनेच्या पाण्याला जो हिरवा-काळा रंग येतो, तो कपड्यांना. पावावर बुरशी धरते तो करडा अंगाला. आणि ओठ तिसऱ्या शिफ्टहून सुटलेल्या माणसाचे असतात तसे. नियम एकच. अख्ख्या फौजेत लाल नाही आणि पिवळा नाही. मेलेल्याच्या अंगात ऊब नसते. मशालींच्या ज्वाळासुद्धा मी निळ्या केल्या. ती पालखी बघून मला स्वतःलाच गॅलरीचा दिवा बंद करवेना.

बंद केलेली गॅलरी हे माझं रंगकामाचं ठिकाण. दाराला पडदा लावला. बायकोला सांगितलं, "कोणी आलं तर पडदा सरकवायचा नाही."

"तुमची भुतं बघायला येतंय कोण," ती म्हणाली.

"तेच तर बघायचंय."

घरात तेव्हा सासूबाई होत्या. चाकणजवळच्या खेड्यातल्या, शेतीच्या घरातल्या. डोळ्याचं ऑपरेशन करून विश्रांतीला लेकीकडे आल्या होत्या. माझ्या भुतांशी त्यांचं उघड वैर. गॅलरीसमोरून जाताना तोंडाला पदर लावून जायच्या.

"जावईबापू," एकदा मला म्हणाल्या, "आमच्याकडं लोकं भुतं उतरवून टाकत्यात. तुमी रंगवून कपाटात ठेवता."

"आई, ही खेळातली आहेत."

"खेळातली हायती, ठीक हाय. पर त्यांना ठाव हाय का तसं?"

मी मनात नोंद केली की ही बाई माझी पालखी एक दिवस पवनेत सोडणार. रोज कामावर जाताना मी भुतं मोजून जायचो आणि आलो की पुन्हा मोजायचो. भरायची बरोबर.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. सकाळी निघण्याआधी मी पालखीवर शेवटचा हात मारला, तेलाच्या वार्निशचा. बुडालेली माणसं ओली दिसायला हवीत ना. या वार्निशचा चिकटपणा जायला दिवस जातो, पण झळाळी अशी येते की पाणी निथळतंय असं वाटावं. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी विळी, कात्री, अडकित्ता, मिक्सर असं सगळं पाटावर ओळीने मांडलं होतं.

"जावईबापू, तुमची हत्यारं?"

"माझी कंपनीत, आई. तिथं आहे पूजा," मी म्हणालो आणि कंपनीची बस गाठायला पळालो.

कंपनीत पूजा झाली, पण आमची पूजा वेगळी असते. झेंडूची माळ रंग मारायच्या बूथच्या दाराबाहेर, हळद-कुंकू दाराबाहेर, उदबत्ती तर पार कॅंटीनकडे. बूथच्या आत कुंकवाचा एक कण गेला तर आठवडाभर टाक्यांना गोवर निघेल. सुपरवायझर दारात हात पसरून उभा होता आणि देवाच्या प्रसादाकडेही संशयाने बघत होता. मला तो माणूस फार आवडतो.

संध्याकाळी घरी आलो. बायको झेंडू आणायला गेली होती ती नुकतीच परतली होती. पायातले बूट काढतोय तोवर तिने सांगितलं, "तुमचे मॅनेजरसाहेब येऊन गेले म्हणे दुपारी. उद्याचं आमंत्रण द्यायला."

"आमंत्रण फोनवर झालं होतं," मी म्हणालो. माझा एक बूट हातातच राहिला. "घरी कोण होतं?"

"आई होती."

मी गॅलरीचा पडदा सरकवला.

एकूण एक भुताच्या कपाळावर ठिपका होता. खाली पिवळा, त्यावर लाल. तिळाएवढा, मधोमध, कुठे ओघळ नाही की फाटा नाही. मशालजी, भालदार, बुडालेल्या बायका, खुद्द वेताळ, कोणालाही सोडलं नव्हतं. मी नखाने एक खरवडून पाहिला. वार्निशमध्ये पक्का बसला होता. काढायला जावं तर खालचा बुरशीचा करडा उखडणार. वर्षभराचं काम, लाल नाही, पिवळा नाही, आणि उद्या दसरा.

मी खुर्चीत बसलो आणि पेंट शॉपच्या पद्धतीने चौकशी चालवली. इतका बारीक ठिपका काढायला सर्वांत बारीक ब्रश लागतो आणि न थरथरणारा हात लागतो. बायकोला शिवणाच्या सुईत दोरा ओवायला मला हाक मारावी लागते. सासूबाईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी बारीक काम बंद केलेलं. शिवाय त्या भुतांच्या उंबऱ्यालाही पाय लावायच्या नाहीत. राहिलं कोण?

खात्रीसाठी सासूबाईंकडे गेलो.

"आई, ते निगडीचे साहेब गॅलरीत गेले होते का?"

"गेलते की," त्या म्हणाल्या. "वारं येतंय म्हणून गेले. लई येळ बघत हुबे व्हते. च्या पार गार झाला."

"आणि निघताना?"

"घाई लागली व्हती त्यांना. शेवटचा घोट बी न्हाई घेतला."

झालं. माणूस गुन्हा करून पळाला होता. बायको म्हणाली, "अहो, पण वाईट नाही दिसत. उलट आता ती तुमच्याकडेच बघतायत असं वाटतं." मी तिच्याकडेही दोन मिनिटं संशयाने बघितलं. मग ठरवलं की ठिपक्यांना हात लावायचा नाही. तो पुरावा आहे. उद्या भर हॉलमध्ये, चार लोकांसमोर, पुराव्यासकट विचारायचं. अंघोळ करताना मी भाषण दोनदा म्हणून पाहिलं. "मॅनेजरसाहेब, नवमीच्या दुपारी आपण कुठे होता?" हे वाक्य फार चांगलं जमत होतं.

दसऱ्याला आम्ही तिघं निगडीला गेलो. सासूबाई एरवी आल्या नसत्या, पण सोनं द्यायला जायचं म्हटल्यावर नवं लुगडं नेसून तयार. हॉलमध्ये वाकडचा मित्र होता, शेजारची दोन-तीन कुटुंबं होती, आणि डायनिंग टेबलाच्या एका टोकाला मॅनेजरसाहेबांची फौज खणाच्या कापडाखाली झाकलेली होती. दुसऱ्या टोकाला मी पालखी मांडली. मांडता मांडता साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहऱ्यावर पश्चात्ताप नाही. उलट माणूस बोटांनी मांडीवर ठेका धरून बसलेला.

मी घसा खाकरला. "मॅनेजरसाहेब, एक विचारायचं होतं."

"आधी आमचं बघून घ्या," ते म्हणाले आणि खण उचलला.

खाली सांगाड्यांचं घोडदळ होतं. काळे घोडे, हाडांचा पांढरा, तलवारींना गंज, सगळं थंड आणि सुरेख. आणि एकूण एक कवटीच्या कपाळावर, मधोमध, खाली पिवळा आणि त्यावर लाल असा तिळाएवढा ठिपका.

माणूस माझी फौज नासवायला आला असेल, तर त्याने स्वतःचीही नासवावी कशाला? वाकडचा मित्र या टोकाकडून त्या टोकाकडे गेला, पुन्हा आला.

"दादा, तुम्ही दोघांनी ठरवून केलंय का हे?"

"योगायोग," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"पण दिसतंय भारी, राव. मेलेल्या माणसाच्या कपाळावर हे असलं बघितलं की मानेवर काटाच येतो."

ते खरं होतं आणि तेच मला सहन होत नव्हतं. कारण मी आता जवळ जाऊन पाहिलं, तर सांगाड्यांवरचा ठिपका साध्या रंगाचा होता, ब्रशने काढलेला, अजून जरा ओला. माझ्या वेताळाचा ठिपका तसा नव्हता. तो खरखरीत होता, कणीदार. कण कशाचा, हे ओळखणं माझा पोटापाण्याचा धंदा आणि काल रात्रीपासून मला ते सुचलं नव्हतं. मी मान वर केली, पण तोवर साहेब खुर्चीमागे उभे राहून मंडळींना समजावून सांगायला लागले होते.

"याला मी अग्निबिंदू म्हणतो," ते म्हणाले. "देह निवला, पण कपाळात शेवटची ऊब अडकून राहिली, अशी कल्पना आहे. घटस्थापनेच्या दिवशीच सुचली. खूप विचार केला त्यावर. यांनाही सुचली असेल, नाही म्हणत नाही, पण उघडून दाखवलं मी आधी. तेव्हा रंग कोणाचा, ते आता आपल्या पानांनी ठरवा."

मंडळींनी माना डोलावल्या. एका शेजाऱ्याने घोडदळापुढे पान ठेवलंही. दुसरे उठले. माझा जांभळा गेला तसाच हाही चालला, आणि या वेळी तर मला माझा म्हणून हक्कही सांगता येईना.

सासूबाई हातात आपट्याचं पान घेऊन टेबलाजवळ आल्या होत्या. या दिवसापर्यंत त्यांनी माझी भुतं पदराआडूनच पाहिलेली, पण आता त्या वाकून, नव्या डोळ्याने, घोडदळाची एकेक कवटी निरखत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम मोकळं हसू आलं, जणू परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं. लेकीकडे वळल्या आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आगं, यांच्यात बी खंडेनवमीला भुतांना हळदकुंकू लावत्यात व्हय? आन् मी काल काडीपेटीच्या काडीनं भीत भीत लावलं."