चार नंबरची लाइन

आमच्या शिफ्टचा बॉयलरवाला कामाला वाघ. आणि माणूस म्हणून? हलकट. मेला असता तर जीभ आवरली असती, पण चांगला धडधाकट आहे, म्हणून स्पष्ट बोलतो.

आमच्याकडे लाकडाचा भुसा आणि शेतातला काडीकचरा जाळून वाफ करतात. त्या वाफेवर वीज निघते, आणि वाफेच्याच उष्णतेवर तापलेलं पाणी पाइपांतून फिरून वस्तीतली घरं उबदार ठेवतं. विजेची मागणी वाढली की वरून फोन येतो, "वीज वाढवा." मग जास्त वाफ टर्बाइनकडे वळवायची आणि घरांच्या चार लाइनींपैकी एक तीन-चार तास बंद ठेवायची. कुठली, ते पाळीपाळीनं. नियमच होता तसा. पण व्हॉल्व्हचं चाक फिरवणार हा, आणि बघायला येतो कोण?

चार नंबरच्या लाइनीवर त्याची थोरली बहीण राहायची, बापाच्या एका खोलीत. बापाचं हगणंमुतणं नऊ वर्षं तिनंच काढलं. लग्नाचं वय त्यातच गेलं. बाप गेल्यावर हा खोली मागायला गेला. ती म्हणाली, "मग मी कुठे जाऊ रे?" एवढंच. तेव्हापासून यानं तिच्याशी बोलणं टाकलं.

आणि दर वेळी चार नंबरच बंद! फोन आला की याचा हात सरळ तिकडेच. मला म्हणायचा, "गारठली की निघेल आपोआप. भांडायची गरजच नाही." त्या इमारतीतली बाकीची माणसंही कुडकुडायची, पण त्यांचं याला काय? मी हसायचो. खोटं कशाला बोलू, हसायचो. एकदा तर विचारलंही, "काय, ताईचा बर्फ झाला का?" दोघंही पोट धरून हसलो.

त्या हिवाळ्यात फोन रोज यायचा, कधी दोनदा. तिला दमा आहे हे त्याला ठाऊक होतं. मलाही होतं. एका सकाळी तिची शेजारीण फाटकावर आली. ताई गेल्या होत्या. अंगात तीन स्वेटर होते आणि वर बापाचा कोट.

यानं तोंड कसंनुसं केलं. "तक्रार करायची ना ऑफिसात," म्हणाला.

शेजारीण भडकलीच. "करणारच होतो! अख्खी इमारत सह्या करायला बसली होती. हिनंच कागद फाडला. म्हणाली, माझा धाकटा आहे तिथे, उगाच त्याच्या नोकरीवर गदा येईल. पाणी गरम असतं तर त्यानं सोडलं नसतं का?"

ती गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "खोलीची किल्ली कोणाकडे असेल रे?"

कानाखाली वाजवायला हवी होती मी त्याच्या. मी म्हणालो, "शेजारणीकडेच असेल. विचार जाऊन."