आजी येऊन राहिली का?

कार्टून या शब्दाचा मी आयुष्यभर शिवीसारखा वापर केला. पांढुर्ण्यात नळाची चावी फिरवण्यात माझी तीस वर्षं गेली. एखाद्या मोहल्ल्यात दहा मिनिटं पाणी कमी आलं की सकाळी सकाळी लोक दारात येऊन बोंबलायचे, आणि ते वळले की मी बायकोला म्हणायचो, "पाहिलं का कार्टून?" ती चुलीवरून मान न वळवता म्हणायची, "आरशात पाहा, तिथीही एक आहे." अशी होती ती. मला गप्प करणारं माणूस त्या घरात ती एकटीच होती.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात दुखणं निघालं. इथल्या डॉक्टरनं नागपूर सांगितलं. सकाळच्या गाडीनं जायचं होतं. मी पिशव्या घेऊन ऑटोत बसलो आणि "चल ना वं लवकर" म्हणून ओरडत होतो. ती मागून आली. घरातून निघताना आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, आणि आमच्या भागात बायाही 'येते' नाही, 'येतो'च म्हणतात. दारातून तिचा आवाज आला, "येतो बाई मी. येतो लवकर." हे नातीला होतं. नात तेव्हा सहा वर्षांची. आजीच्या कुशीत शिरल्याशिवाय त्या पोट्टीला झोप यायची नाही.

अकराव्या दिवशी बायकोला परत आणलं ते सरळ मोहगावला, आमच्या मूळ गावी, मातीसाठी. नातीला त्याआधीच रामाकोन्याला तिच्या मामाकडे पोचवलं होतं. तिला काही दाखवायचं नाही आणि काही सांगायचं नाही, हे मी ठरवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, एक दिवस सांगावंच लागन." सून म्हणाली, "लेकराले सगळं समजते बाबा." मी दोघांवरही डाफरलो. "तुम्हाले जास्त अक्कल आहे का? मोठी झाली की समजन आपोआप." फोटोला हार घातला असता तर पोरीनं विचारलं असतं, म्हणून फोटोच पेटीत ठेवून दिला.

मग रोजचं सुरू झालं. शाळेतून आली, दप्तर टाकलं की एकच प्रश्न.

"आबाजी, आजी येऊन राहिली का?"

"हौ, येऊन राहिली."

'येऊन राहिली', म्हणजे येते आहे, हे आमच्या बोलीचं मोठं सोयीचं काम आहे बावा. माणूस घरात आंघोळ करत असला तरी फोनवर 'येऊन राहिलो ना, रस्त्यातच आहो' म्हणते, आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असते. कोणी त्याला खोटं म्हणत नाही. मीही म्हणालो नाही.

एकदा शेजारच्या काकूनं घोटाळा केला. बाई मायाळू, मनात काही वाईट नव्हतं. पोरीला जवळ घेऊन म्हणाली, तुझी आजी देवाघरी गेली. पोट्टी पळत माझ्याकडे आली. "आबाजी, काकू म्हणते आजी देवाघरी गेली. पण आपल्या घरी तं देव नाही. आपण तं विहारात जातो. मंग देवाघरी आजीले कोण ओळखन?"

मला हसू आलं. आम्ही बौद्ध माणसं. आमच्यात देवाघरी म्हणत नाहीत, निधन झालं म्हणतात. पण निधन हा कार्डावर छापायचा शब्द आहे. सहा वर्षांच्या लेकरासमोर तो काय कामाचा? मऊ शब्द सापडला नाही, म्हणून मी राग काढला. काकूशी कचाकचा भांडलो, दोन महिने तिच्याशी बोललो नाही, आणि नातीला सांगितलं, "काकूले काय माहीत? आजी नागपूरलेच आहे." ती "बरं" म्हणाली. त्यानंतर तिनं विचारणं कमी केलं. मला वाटलं, चला, विसरून राहिली.

असे आठ महिने गेले. एका रविवारी मुलगा आणि सून सौसरला लग्नाला गेले. नातीला बारीक ताप होता म्हणून ती माझ्यापाशी राहिली. दुपारी खिचडी खाल्ली आणि तिनं टीव्ही लावला.

"आबाजी, पिक्चर पाहू."

"कोणता?"

"कार्टून."

"ना बावा!"

पण तापलेलं लेकरू हाताला धरून ओढत होतं. बसलो. मनात म्हटलं, पाच मिनिटांत डोळा लागन.

पिक्चर करकोच्यांचा होता, हिंदीत केलेला. त्यात एक म्हातारी करकोची आणि तिचं नातपिल्लू. थंडी पडणार म्हणून सगळा थवा डोंगर ओलांडून जायला निघालेला. पिल्लू उडायला घाबरते आणि म्हातारी त्याला नाना युक्त्या करून शिकवते. मध्ये मध्ये एक जाडा बेडूक येऊन धपकन पडायचा आणि नात खिदळायची. मी बेडकाकडे पाहतच नव्हतो. म्हातारी पिल्लाची पाठ फिरली की एक पंख हळूच अंगाशी दाबून धरायची. माझी बायको मी पाहत नाही असं पाहून पोट तसंच दाबायची. राजेहो, हे पिक्चर काढणाऱ्याला कोणी सांगितलं असन?

तेव्हा कळलं की यांनी एका पिक्चरमध्ये दोन पिक्चर घातले आहेत. लेकरू बेडूक पाहते आणि म्हातारं माणूस पंख पाहते. पडद्यावर खरी बाई असती तर मी म्हणालो असतो, नटी आहे, पैसे घेऊन रडून राहिली. रंगानं काढलेल्या पाखराला काय म्हणणार? त्याच्या तोंडावर आपलंच माणूस येऊन बसते. मी तीस वर्षं उगाच शिव्या दिल्या कार्टूनला.

डोंगराच्या पायथ्याशी थवा उडाला. म्हातारी पिल्लाला म्हणाली, "तू चल, मैं आती हूँ." पिल्लू खुशीत वर गेलं. म्हातारीनं एक पाऊल टाकलं आणि खाली बसली. गाणं नाही, बाजा नाही. पिल्लू वरून मागे वळून वळून पाहत होतं. मी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागलो.

नात टीव्हीकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

"आबाजी, तिले माहीत होतं ना, ती येणार नाही म्हून?"

"हौ," मी म्हणून गेलो.

"मंग आती हूँ काऊन म्हणाली?"

"खरं सांगितलं असतं तं पिल्लू निघालं नसतं बाई."

तिनं एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आजीलेही माहीत होतं का?"

'येऊन राहिली' माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. रोजच्या सवयीनं बाहेरही पडलं असतं. पण त्या पाखराकडे पाहिल्यावर ते निघेना. "नाही," मी म्हणालो, "तिले खरंच यायचं होतं."

"मले माहीत आहे ती काऊन नाही आली." तिनं माझा सोगा धरला आणि मान खाली घातली. "तुम्ही ऑटोत होते. मी म्हटलं मलेही ने, तं ती नाही म्हणाली. मंग ती येतो म्हणाली, अन् मी म्हटलं, येऊ नको. म्हून ती येऊन नाही राहिली."

आठ महिने मी या पोरीला दुःखापासून वाचवून राहिलो होतो म्हणे! काकूशी भांडलो, पोराला गप्प केलं, फोटो पेटीत कोंबला. आणि हे एवढंसं लेकरू एवढे दिवस एकटंच स्वतःला गुन्हेगार धरून जेवत होतं, झोपत होतं, शाळेत जात होतं. विचारणं तिनं विसरून सोडलं नव्हतं, भीतीनं सोडलं होतं. माझ्यासारखा गाढव मीच.

मी तिला मांडीवर घेतलं. मऊ शब्द शोधत बसलो नाही.

"आजी मेली, बाई. नागपूरच्या दवाखान्यात मेली. पोटाच्या दुखण्यानं मेली." हा शब्द मी तोपर्यंत कोणापुढे काढला नव्हता, स्वतःपुढेही नाही.

तिनं माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. "पोटानं?"

"पोटानं."

"माह्या बोलण्यानं नाही?"

"नाही बाई. तुह्या बोलण्यानं नाही. तिथी ती रोज विचारत होती, पोट्टी जेवली का म्हून. रागावलेलं माणूस असं विचारते का?"

त्या लेकरानं एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या छातीला लागला. आजी मेली हे ऐकून माझ्या नातीला आधी हायसं वाटलं. रडली ती त्याच्यानंतर.