शेजारी सही

"वरून नको. खालून वाच."

देगलूरच्या तहसीलबाहेर लिंबाखाली टेबल मांडून बसणाऱ्या अक्कांचं हे पहिलं वाक्य, मग समोर कुणीही असो. कागद हातात आला की त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवत आणि एकेक ओळ वर चढत. अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं लिहून देणं हा त्यांचा धंदा. अशी एखादी बाई तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीबाहेर पाहिली असेल. पण आमच्या अक्का मराठीइतकंच तेलुगू वाचत, आणि भांडतही दोन्हींत सारख्याच जोरात.

मी तिथल्याच शाळेत शिक्षिका. सात वर्षं खपून पहिली कादंबरी लिहिली आणि एका प्रकाशकानं ती स्वीकारली. करारनामा आला तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. सही करून पाठवणारच होते. त्याआधी झेरॉक्स काढायला तहसीलकडे गेले, तर अक्कांनी कागद ओढूनच घेतला.

बोट खालून तिसऱ्या ओळीवर थांबलं.

"पुस्तकाचे समदे हक्क कायमचे त्येंचे, असं लिवलंय हितं. मास्तरीणबाई, तू पुस्तक छापाया देऊन राहिलीस का दत्तक देऊन राहिलीस?"

मी म्हणाले, "अक्का, नवख्या लेखिकेला कोण विचारतं? ते नाही म्हणाले तर?"

"विचारल्याबिगर न्हाई कसं म्हनतील? अन् माणूसच कायमचा न्हाई, ह्येंला हक्क कायमचे पायजेत!"

त्यांनी 'कायमचे'वर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, वर 'पाच वर्षांपुरते' लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "खोडलं की शेजारी सही. न्हाईतर भिऊन खोडलं म्हनतील."

कागद गेला. आठ दिवस उत्तर नाही. त्या आठ दिवसांत मी अक्कांना मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. हातची कादंबरी गेली, असंच मी धरून चालले होते.

नवव्या दिवशी मी तहसीलसमोरून जात असताना प्रकाशकांचा फोन आला. "बाई, ही खाडाखोड कुणी केली?" मी फोन कानाला तसाच धरून अक्कांच्या टेबलापाशी गेले. अक्कांनी फोन काढून घेतला.

"म्या केली. पुरं वाचून केली. तुमी बी एकदा खालून वाचा."

करारनामा परत आला. त्या रेघेपाशी माझ्या सहीशेजारी प्रकाशकांची सही होती.

पाच वर्षांनी हक्क माझ्याकडे परत आले, तेव्हा त्या एका रेघेचं मोल कळलं. दुसरी आवृत्ती मी माझ्या अटींवर काढली. तेलुगू अनुवादाचा करार तर स्वतःच लिहिला. अक्कांनी तो खालून वर वाचला आणि एकही शब्द खोडला नाही. त्या दिवशी मी घरापर्यंत ताठ मानेनं चालत गेले. अक्कांनी मात्र पुस्तक शिक्क्यांच्या डबीशेजारी मांडून ठेवलं आणि येईल त्याला सांगत राहिल्या, "ह्या पुस्तकापायी एक शब्द म्या खोडलाय, हाव!"

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. श्रद्धांजलीच्या फलकाचा मजकूर तपासायला त्यांची लेक माझ्याकडे आली. मी सवयीनं खालून वाचायला लागले. शेवटची ओळ होती, 'आम्हाला कायमच्या सोडून गेल्या.'

मी पट्टी मागितली. 'कायमच्या'वर सरळ रेघ मारली, आणि शेजारी सही केली.