पिंजऱ्याला वास येतो का?

आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, नाक गल्लीत नावाजलेलं. आमच्या शेतातली हळद मोठ्या कढईत उकडताना शिजली की नाही, हे त्या दारातून नुसत्या वासावर सांगायच्या. त्या "काढा आता" म्हणाल्या की गडी हळद बाहेर काढायला घेत. दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे. घराच्या स्वच्छतेवरही त्याच नाकाचं राज्य. मी कितीही झाडलं-पुसलं तरी त्या नाकानं हो म्हटल्याशिवाय घर साफ झालं असं आम्ही धरत नव्हतो.

लेक शिकायला नांदेडला गेली, तेव्हा तिचे दोन लव्हबर्ड, एक निळा आणि एक पिवळा, माझ्या गळ्यात पडले. पक्षी मुठीत मावतील एवढे, पण घाण म्हशीएवढी. आत्याबाईंनी पदर खोचून पिंजरा फिनेलनं धुतला. पुढच्या खेपेला आणखी जास्त फिनेलनं. त्या दुपारी निळा पिसं फुगवून तळाशी बसला, चोच उघडी, शेपटी खालीवर. "आई, निळ्याला जप," असं लेक जाताना म्हणाली होती. मी तसाच पिंजरा उचलला आणि थेट वसमतला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले.

"फिनेल लावता का?" त्यांनी पिंजऱ्याजवळ जाताच विचारलं. "बंद करा. एवढ्याशा छातीला तो वास सोसत नाही. उदबत्ती, धूपसुद्धा लांब ठेवा. पिंजरा घरातल्या खायच्या वस्तूंनीच धुवा."

मोकळ्या हवेत ठेवल्यावर संध्याकाळी निळ्यानं दोन दाणे टिपले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"फिनेलबिगर कुठं सफाई होती व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. प्रश्न मलाही पडला होता, आणि प्रश्न पडला की मला चैन पडत नाही. मग आमच्या न्हाणीत प्रयोगशाळा सुरू झाली. पक्ष्यांना झाकणाच्या टोपलीत घालून लांब अंगणात ठेवायचं आणि पिंजरा न्हाणीत आणायचा. आधी नुसतं कढत पाणी ओतून बघितलं. वाळलेली शीट भिजून आपोआप सुटते, हे तेव्हा कळलं. पुढच्या वेळी खायचा सोडा कालवून ट्रेला फासला, आणि तळाचा जुनाट पिवळेपणा गेला. मग अर्ध्या लिंबानं गज घासले. दरवेळी सगळं खळबळून धुवायचं आणि पिंजरा कडक उन्हात वाळवायचा. वाळला की आत्याबाई येत, गजांना नाक लावत आणि मान हलवत.

"न्हाई बाई. अजून साफ न्हाई."

लिंबाच्या दिवशी तर अख्खी न्हाणी लिंबानं घमघमत होती. मी गमतीनं विचारलं, "आत्याबाई, सांगा बरं, कशाचा वास येऊन राहिला?"

"घाणीचा! दुसरा कशाचा येणार?"

हे मात्र मला खटकलं. लिंबासमोर हे नाक गप्प कसं?

शेजारच्या भाबी लोणच्यात शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालतात. त्यांनी बाटली दिली आणि बजावलं, "आधा शिरका, आधा पानी. फिर अच्छे से धो लेना." मी तसं कालवून फडक्यानं गजांना लावलं. अजून धुवायचं होतं, तोच आत्याबाई वाकल्या आणि झटक्यात मागं सरल्या. डोळ्यांत पाणी.

"हां! आता कसं! झालं साफ."

मी पिंजऱ्याकडे बघितलं. ट्रेला अजून शीट तशीच चिकटलेली होती.

लिंबू कळलं नाही आणि शिरका कळला. फिनेलही कळत होतं. मागच्या हंगामात हळदीच्या कढईपाशी त्या वास न घेता काडी टोचून बघत होत्या, तेही आता आठवलं. मी हळूच विचारलं, "आत्याबाई, तुमाला वास येतच न्हाई का?"

त्या न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या. "मागं ताप आला व्हता न्हाई का, तवापासून गेला. फोडणीचा न्हाई, हळदीचा न्हाई. नाकाला झोंबंल तेवढंच कळतं. घर घाण झालं तर मला कसं कळावं? म्हनून फिनेल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरायला सांगू नको. कढईपाशी मला कोण इचारंल मंग?"

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस त्या वासाशिवाय जेवत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, म्हातारीला फिनेलचं खूळ लागलंय.

पण माझा स्वभाव काही जाईना. मी विचारलं, "शिजल्या हळदीचा वास असतो तरी कसा?" मी जवळा बाजारकडची, कापसाच्या घरातली. मला नाक होतं, पण हळद कळत नव्हती. त्यांनी डोळे मिटले. "आधी चिखलावानी येतो. मंग ओल्या पाल्याचा. मंग एकदम गोडसर, डोक्यात चढनारा. तवा काढायची."

आता पिंजरा शिरक्यानं पुसून, स्वच्छ धुऊन, उन्हात ठेवतो. आत्याबाई नाक लावत नाहीत. प्रत्येक गजावरून बोट फिरवतात, आणि ते बोट नाकापेक्षा खवट आहे. निळा आतून त्यांच्यावर ओरडत असतो. हे लिहू का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "लिही की. नाव घालू नको. तालुक्यात नाक काय मला एकटीलाच हाय व्हय?"

यंदा हळद कढईत पडली, तेव्हा मी चहा देऊन तिथंच त्यांच्या शेजारी रेंगाळले. चिखल आला. बऱ्याच वेळानं ओला पाला आला. मग गोडसर वास एकदम डोक्यात चढला, आणि मी त्यांचं कोपर दाबलं. त्यांनी घाई केली नाही. नेहमीसारखं नाक वर केलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "काढा आता."

गडी सरसावले. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. वाफेच्या आडून आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "कसा आलाय गं?"

"तुमी सांगितला व्हता तसाच," मी म्हणाले.